ऑनलाइन पोकर की पणजीचे टेबल: तीस टक्के नेमके कशावर?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि देशी पोकर अ‍ॅपवरचे पैशांचे डाव थांबले. पत्त्यांचा नाद न सुटलेल्या बेळगावकराला आता चोर्ला घाट उतरून पणजीचे कॅसिनो गाठावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिथल्या जिंकण्यावरचा कर ऑनलाइनसारखाच असेल, हा समज महागात पडू शकतो.

दर दोन्हीकडे सारखाच आहे: ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर. पगारावर ५ टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्यालाही यातून सूट नाही, आणि प्राप्तिकर केंद्राचा असल्यामुळे घर कर्नाटकातल्या खानापुरात असो की पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात, आकडा बदलत नाही. फरक पडतो तो हा दर कशावर लावायचा यात.

ऑनलाइन खेळासाठी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २०२३ साली कलम ११५बीबीजे आले आणि कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ठरला. वर्षभरात स्वतःचे ५०,००० रुपये भरले, ८०,००० काढले आणि वर्षाच्या आरंभी व अखेरीस खाते रिकामे असले, तर ३०,००० रुपयांवर ९,३६० रुपये कर होतो. त्यातले ९,००० कंपनीने टीडीएस म्हणून आधीच कापलेले असतात.

कॅसिनोतील पत्त्यांना वेगळा, जुना नियम लागतो (१९६१ च्या कायद्यातले कलम ११५बीबी) आणि तिथे हरलेले पैसे वजा होत नाहीत. एका शनिवारी ४०,००० जिंकले आणि पुढच्या तीन शनिवारी मिळून ५०,००० घालवले, तर खिशातून १०,००० गेलेले असूनही ४०,००० रुपयांवर १२,४८० रुपये भरावे लागतात. प्रवेशाचे शुल्क आणि घाटातले पेट्रोलही हिशेबात धरता येत नाही. माझ्या मते नियमितपणे खेळणाऱ्यासाठी हा भेद दरापेक्षाही जाचक आहे.

केवळ कराच्या दृष्टीने पाहिले तर ऑनलाइनचा हिशेब सरळ आणि हलका होता, पण तो मार्ग आता बंद आहे. परदेशी अ‍ॅप हा त्याला पर्याय नव्हे, कारण ती बंदी त्यांनाही लागू आहे आणि तिथे टीडीएस कापला गेला नाही म्हणून कर टळत नाही.

आधीच्या वर्षांची ऑनलाइन रक्कम उसाच्या बिलात मिसळून शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवावी, असा सल्ला आपल्याकडे कट्ट्यावर फुकट मिळतो. कापलेला टीडीएस पॅनवर नोंदलेला असतो आणि कोणताही साखर कारखाना पोकरचा टीडीएस कापत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी त्या सल्ल्याची किंमत कळते. या उत्पन्नासाठी ‘सहज’ (आयटीआर-१) हे विवरणपत्र चालत नाही. पगारदाराने आयटीआर-२ भरावा.

पणजीला जाणाऱ्याने आगाऊ कराचेही भान ठेवावे. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल तर तो वर्ष संपण्याआधीच भरावा लागतो; १५ मार्चच्या शेवटच्या हप्त्यानंतर जिंकलेल्या रकमेवरील कर ३१ मार्चपर्यंत भरला तर हप्ता चुकल्याचे व्याज लागत नाही.