बाळाच्या प्रगतीचं ॲप: अकरा महिने वापरल्यावर (पाचपैकी अडीच तारे)

मुलगी दिलेल्या तारखेच्या ६ आठवडे आधीच आली. ॲपमध्ये जन्मतारीख भरली, आणि तिसरा महिना सरताच नोटिफिकेशन आलं: ‘बाळानं मान धरली का?’ कसली धरते! खांद्यावर घेतलं की मान नुसती डुगडुगायची. ‘नाही’ दाबलं, तर नावापुढे लाल टिंब. पुढच्या आठवड्यात दुसरं. बायको रात्री पाजायला उठली की तेच उघडून बसायची.

डॉक्टरांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “६ आठवडे वजा केलेत का?” लवकर जन्मलेल्या बाळाचं वय साधारण दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजायचं असतं. म्हणजे आमची ठमी तेव्हा जेमतेम दीड महिन्याची! ॲपमध्ये ही सोय आहे, पण सेटिंग्जमध्ये पार तळाशी, ‘इतर’ या नावाखाली. नाव नोंदवतानाच विचारलं असतं तर आमच्या तीन आठवड्यांच्या झोपा वाचल्या असत्या. दीड तारा तिथेच गेला.

तारीख बदलली, टिंबं गेली. खोड मात्र राहिली. हे ॲप प्रत्येक गोष्टीला एकच महिना नेमून देतं: रांगणं आठव्यात, चालणं बाराव्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे बघा: हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. आणि त्या पाहणीतली चारेक टक्के मुलं तशी रांगलीच नाहीत. आमचीही बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत सगळं घर फिरते. ॲपमध्ये त्यासाठी बटणच नाही.

पोटावर झोपवून खेळवायचे व्हिडिओ मात्र झकास. छातीखाली टॉवेलची गुंडाळी आणि समोर आरसा, तेही बाळ जागं असताना आणि आपण शेजारी बसून. आधी मिनिटभरात भोकाड पसरायची, मग स्वतःलाच बघत रमायला लागली. व्हिडिओ साठवायची सोयही कामाची, डॉक्टरांना तोंडी सांगत बसावं लागत नाही.

जे ठळक सांगायला हवं ते मात्र कुठेच नाही. वर्षाच्या आत बाळ सारखा एकच हात वापरत असेल, किंवा जमत असलेली गोष्ट करेनासं झालं, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. ॲपला त्या जागी वॉकरची जाहिरात दाखवायची असते! वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, पडून लागण्याचा धोका तेवढा वाढतो. कॅनडानं तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

आता नोटिफिकेशन बंद करून फक्त व्हिडिओंसाठी ठेवलंय. काल ती खुर्ची धरून उभी राहिली आणि बसायचं कसं ते न कळल्यामुळे रडायला लागली. तो व्हिडिओ तेवढा ॲपमध्ये टाकलाय.