फिल्टर नसलेला व्हॅक्यूम क्लीनर: काही महिने वापरल्यावर

बहुतेक बॅगलेस, म्हणजे पिशवीऐवजी डब्यात धूळ साठवणाऱ्या, यंत्रांत मोटरच्या आधी एक फोमचा फिल्टर असतोच. तो धुवायचा, खडखडीत वाळवायचा, तोवर यंत्र कोपऱ्यात. माझ्या यंत्रात ती भानगड नाही, सगळी भिस्त सायक्लोनवर, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करण्यावर. आणि ओढ अजून पहिल्या दिवसासारखीच आहे. चोंदायला वाटेत काही नाहीच म्हटल्यावर कमी होणार कशी?

आत हवा डब्याच्या कडेने शिरून गरगर फिरते, धूळ भिंतीकडे फेकली जाऊन खाली बसते, हवा मधून वर निघते. बारीक धुळीसाठी वर लहान शंकू आहेत. घेर जितका लहान तितका फेकण्याचा जोर जास्त. लाकूड कारखान्यांत भुसा वेगळा करायला हीच युक्ती वापरत. ती घरगुती यंत्रात बसवायला ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी ५१२७ नमुने केले म्हणतात, आणि १९९३ मध्ये त्यांचं डीसी०१ हे यंत्र बाजारात आलं.

पण हा सगळा खेळ वेगाचा. वेग निम्मा झाला की फेकण्याचा जोर चौथाईवर येतो. त्यामुळे 'शांत' मोडवर किंवा नळीत मोजा अडकलेला असताना बारीक धूळ शंकूंना चकवून मागच्या जाळीतून बाहेर पडते. जाळीवर राखाडी थर दिसला की मी आधी नळी बघतो.

खरी नाजूक जागा मात्र डब्याच्या तळाचं रबर. भोवऱ्याच्या मध्यभागी दाब सगळ्यात कमी असतो. खालून जराशी हवा शिरली तरी खाली बसलेली धूळ उचलली जाऊन थेट वर जाते. त्या रबरावर एक केस आडवा राहिला तरी पुरे. विक्रेता याबद्दल चकार शब्द काढत नाही! डबा रिकामा केला की कडेवरून बोट फिरवायचंच, आणि कमाल रेषेच्या वर कधी भरू द्यायचा नाही.

रिकामा करणं हे तर वेगळंच प्रकरण. झाकण उघडताच धुळीचा लोट. पिशवी तोंडाशी घट्ट धरून केलं तरी थोडी उडतेच. जाळीदार नळकांड्याभोवती गुंडाळलेले केस हातानेच ओढावे लागतात.

घरात कुणाला दमा असेल तर मी हे सुचवणार नाही. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर आणि बंद बॅग, हीच जोडी घ्या. बॅगचा खर्च होईल, होऊ द्या.