हस्तकलेवरील माहितीपट: निर्मितीसंस्था की स्वतंत्र दिग्दर्शक?

पारंपरिक हस्तकलेवरील माहितीपट कोणाकडे सोपवावा, हे केवळ खर्चावरून ठरवणे योग्य नाही. निर्मितीसंस्थेकडे छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन एकाच करारात होते व मुदतही सहसा पाळली जाते. मात्र चित्रीकरणाचे दिवस आधीच मोजून ठेवलेले असल्याने, सूत नैसर्गिक रंगात भिजवणे, वाळवणे आणि मग विणणे अशी आठवडेच्या आठवडे चालणारी प्रक्रिया कारागिराकडून बरेचदा कॅमेऱ्यासाठी तुकड्यातुकड्यांनी करून घेतली जाते, आणि जाणकाराच्या ते लगेच ध्यानात येते. स्वतंत्र दिग्दर्शक दोन-तीन माणसांनिशी पुन्हा पुन्हा जाऊ शकतो, त्यामुळे कारागीर मोकळा होतो, बिघडलेला नगही दाखवतो (आणि तो का बिघडला, यातच अर्धी कला कळते). काम लांबण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.

प्रदर्शनासाठी लहान चित्रफीत हवी असेल, तर संस्थाच बरी. दस्तऐवजीकरण हा हेतू असेल, तर माझा कल दिग्दर्शकाकडे आहे. करार कोणाशीही झाला, तरी न वापरलेल्या मूळ चित्रणाची मालकी कोणाकडे राहील आणि कारागिराची संमती कशी घेतली जाईल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. युनेस्कोच्या २००३ सालच्या अमूर्त सांस्कृतिक वारसाविषयक करारातही संबंधित समुदायाच्या सहभागावर भर आहे.