उदबत्ती, धूप, कापूर की नीरांजन : दम्याच्या घरात काय लावावं?

घरात दम्याचं मूल, सासूबाईंना रोज देवापुढे उदबत्ती हवी आणि देव्हारा स्वयंपाकघरात, गॅसपासून दोन हातांवर. शहरातल्या वन बीएचकेत ही परिस्थिती सर्रास दिसते. अशा वेळी वाद होतो तो "लावायची की नाही" यावर. खरं तर काय लावायचं, कुठे आणि किती वेळ, हे आधी ठरवायला हवं.

उदबत्ती आणि धूप धुमसतात. त्यांना ज्योत नसते, जळण अर्धवट होतं, म्हणूनच धूर निघतो. नीरांजनात ज्योत असते. तूप बऱ्यापैकी पूर्ण जळतं आणि धूर फार कमी होतो, पण आग उघडी राहते. म्हणजे उदबत्तीचा धोका मुख्यतः छातीला, नीरांजनाचा पदराला आणि पडद्याला. ज्याच्या घरात जो धोका मोठा, त्याने तो आधी टाळावा.

उदबत्तीचा धूर काय करतो हे बघायला देव्हाऱ्यावरच्या तसबिरीची काच ओल्या फडक्याने पुसून पाहा. फडक्यावर तपकिरी, चिकट थर येतो. तोच धूर आपण श्वासातून घेतो. त्यातले अतिबारीक कण, म्हणजे पीएम 2.5, नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला 15 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. खिडक्या बंद असलेल्या लहान खोलीत उदबत्ती जळत असेपर्यंत हवेतलं प्रमाण याच्या कितीतरी वर जातं. आरती पाच मिनिटांत आटोपते, उदबत्ती मात्र अर्धा-पाऊण तास जळत राहते. म्हणून सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती मोडून अर्धी किंवा पाव लावायची.

मसाला उदबत्ती घ्यावी की सेंटची? मसाल्याच्या उदबत्तीत चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी अशी पूड मळलेली असते. सेंटची उदबत्ती म्हणजे कोळसा-भुशाची कोरी काडी, नंतर सुगंधात बुडवलेली. तो सुगंध पातळ करायला डायइथाइल थॅलेटसारखी रसायनं वापरायची या धंद्यात जुनी पद्धत आहे. मला विचाराल तर दोन्हींत मसाल्याची बरी, पण "नैसर्गिक" म्हणून तिचा धूर निर्धोक होत नाही. "बांबू नाही", "कोळसा नाही" या जाहिरातींचंही तेच. बांबू काढला तरी भुसा जळतोच.

भारतीय मानक ब्युरोने 2025 मध्ये अगरबत्तीसाठी आयएस 19412 हे मानक आणलं. अ‍ॅलेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल यांसारख्या कीटकनाशकांना त्यात मनाई आहे. पुडक्यावर आयएसआय चिन्ह दिसलं तर तेच घ्या. मात्र ते चिन्ह धूर कमी असल्याची हमी देत नाही. डास पळवणाऱ्या अगरबत्त्यांपासून तर लांबच राहा. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय असं उत्पादन विकता येत नाही, तरी बिननोंदणीच्या कांड्या बाजारात सर्रास मिळतात. त्यांच्यात नेमकं कोणतं विष आहे, हे पुडक्यावरून कळत नाही. मुलांच्या खोलीत त्या रात्रभर जळत ठेवणं मला अजिबात पटत नाही.

धूपकांडी आणि सांब्राणीचे कप यांच्याबद्दल थोडक्यात सांगायचं तर धूर उदबत्तीहून जास्त. निखाऱ्यावर ऊद किंवा गुग्गुळ घालायचा असेल तर तो अंगणात किंवा मोकळ्या गॅलरीत. बंद घरात निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

कापूर झटकन पेटतो, झटकन संपतो, म्हणून तो कमी त्रासाचा वाटतो. पण त्याची काजळी आरतीच्या ताटावर दिसते तशी हवेतही जाते. लहान मूल असलेल्या घरात त्याहून मोठी भीती वेगळी आहे. भीमसेनी कापराचे खडे खडीसाखरेसारखे दिसतात आणि थोडा कापूर पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात. कापराची डबी उंचावर, घट्ट झाकणाची हवी.

नीरांजन माझी पहिली पसंती, पण आपण समोर उभे असू तोवरच. फुलवातीच्या बाजूलाच कापसाची वस्त्रं वाहिलेली असतात, गणपतीत तर मखराची सजावटही. कापूस क्षणात पेट घेतो. म्हणून ताम्हन पुढे ओढून नीरांजन त्यात ठेवावं, सजावटीपासून हातभर लांब. केळ्यात खोचलेल्या उदबत्तीबद्दलही सांगायला हवं. केळं मऊ पडलं की काडी कलते आणि जळती राख वस्त्रांवर पडते. त्यापेक्षा उदबत्तीचं पितळी घर किंवा वाळू भरलेली वाटी घ्या.

सुगंध पसरवणाऱ्या विजेवरच्या डिफ्यूझरमध्ये काही जळत नाही, पण तीव्र सुगंधानेही काहींचा दमा उसळतो. तो धूर टाळतो, वास टाळत नाही.

दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर उदबत्ती बंद करा असं मी स्पष्ट सांगेन. सुगंधासाठी सहाणेवर चंदन उगाळा, मोगरा किंवा सोनचाफा वाहा. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याच पूजेतला आधार सांगा. पूजेतला जो उपचार, म्हणजे देवाला वाहायची जी वस्तू, हाताशी नाही, त्याच्या जागी अक्षता वाहायची रीत आहेच. वस्त्रार्थे अक्षता चालतात, तशाच धूपार्थेही चालतील. माझ्या अनुभवात डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा हे बोलणं लवकर पटतं.

कोणालाच त्रास नसेल तर दिवसाला एक उदबत्ती लावा. समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि ती खिडकीच्या बाजूला ठेवा, गॅसच्या नळीजवळ नको. गॅसचा वास येत असेल तर काडी पेटवूच नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. आणि घराबाहेर पडताना उरलेली उदबत्ती वाळूत दाबून किंवा पाण्यात बुडवून विझवा, मगच कुलूप लावा.