बोगस बियाणं ओळखणारा मी, बोगस बुकप्लेटला फसलो

लिहू की नको करत महिना गेला, लाज वाटत होती. पण परवा जे दिसलं त्यानंतर राहवेना. हसायचं त्याने हसा.

मी कृषी केंद्रवाला, वऱ्हाडातल्या एका खेड्यात दुकान आहे. दर जूनमध्ये गिऱ्हाइकाला ओरडून सांगतो की बाप्पा, लॉट नंबर पाहा, पक्कं बिल घ्या. आणि मीच बिनबिलाचा माल घेतला, 19,450 रुपयांचा.

छंद बुकप्लेटचा. जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याआत मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली असते ना, एक्स लिब्रिस लिहिलेली, ती. सीताबर्डीवर जुनी पुस्तकं चाळता चाळता नाद लागला. शंभर-दीडशेच्या वर कधी गेलो नव्हतो. मग व्हॉट्सअॅपवर हा भेटला, पुण्याचा म्हणे, बोलणं एकदम गोड. मध्यप्रांतातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याची तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली प्लेट, आणि सोबत तिचं ओरिजिनल डिझाइन, चित्रकाराच्या हातचं, शाईने काढलेलं! छापील प्लेटा शेकड्याने निघतात, डिझाइन एकच असतं. कोणीही घसरला असता, मी एकटाच येडा नाही.

टोकन 3,500, मग 14,800, मग कुरियरचा विमा म्हणून 1,150. बायको म्हणाली, "चिठोऱ्यासाठी इतके पैसे काहून देता?" मी तिलाच ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराने पाचशे वर्षांपूर्वी आपल्या मित्रासाठी अशीच प्लेट केली होती ते ऐकवलं. अडीच क्विंटल कापसाचे पैसे होते ते.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. पैसे टाकायच्या आदल्या रात्री मी डिझाइनचा फोटो मोठा करून पाहिला होता. चित्राच्या चारही बाजूंनी बारीक दबलेली रेघ होती. दिसली मला! तांब्याचा पत्रा मशीनखाली ओल्या कागदावर दाबला की त्याच्या कडेचा ठसा उमटतो, तोच प्लेटमार्क. हाताने काढलेल्या चित्राला प्लेटमार्क येईल कुठून? हे मला माहीत होतं हो, चार लोकांना मीच शिकवलंय. पण त्या रात्री मनाला सांगितलं, चित्रकाराने समास आखला असेल. समास!

पाकीट आलं. दुकानातल्या नोटा तपासायच्या निळ्या लाइटखाली धरलं तर कागद ट्यूबलाइटसारखा चमकला. साधारण 1950 च्या आधीच्या कागदात ते चमकवणारं रसायन नसतं. सोनाराच्या भिंगातून पाहिलं तर रेघा नाहीतच, नुसते रंगीत ठिपके. प्रिंटरची प्रिंट, चहाच्या पाण्यात बुडवलेली. प्लेटही तशीच. खऱ्या तांब्याच्या छपाईत शाई बोटाला किंचित उंच लागते, ही गुळगुळीत. म्हणून विकणाऱ्याकडे आडव्या उजेडातला आणि निळ्या लाइटमधला फोटो मागा, नाही म्हणाला तर तिथेच राम राम.

ठाण्यात गेलो तर हवालदार पाकीट उलटंपालटं करून विचारतो, "हे काय, लग्नपत्रिकेचं स्टिकर का?" सगळे हसले. मग म्हणे वस्तू तर मिळाली ना, मग फसवणूक कशाची, दिवाणी मामला आहे. मग म्हणे माणूस पुण्याचा, आमची हद्द नाही. हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर घेता येतो, हे कायद्यात आहे. मी कलम सांगितलं तर साहेब म्हणाले, "वकील हाव का तुमी?" जिल्ह्याला पाठवलं, तिथून परत ठाण्यात, दोन चकरांचे 640 रुपये एसटीला गेले ते वेगळेच. बँकेत गेलो तर मॅनेजर लंचला, मग मीटिंगला, मग "पैसे तुम्हीच टाकले ना साहेब." बियाणं बोगस निघालं तर निदान पंचनामा तरी होतो, इथे कागद घ्यायला कोणी तयार नाही! तुम्ही तरी पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी पाच दिवस त्या हरामखोराची समजूत घालत बसलो.

आणि त्याच पाच दिवसांत सगळ्यात मोठी चूक केली. रागाच्या भरात त्याला लांबलचक मेसेज टाकला, तुझं डिझाइन खोटं कसं ते सविस्तर, प्लेटमार्कच्या रेघेसकट. त्याने वाचला, दोन निळ्या टिका आल्या, ब्लॉक केलं.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तेच डिझाइन विकायला आलंय, नंबर वेगळा, भाव 22,000. यावेळी ती रेघ कापलेली आहे.