मुलांचं ‘ओबेसिटी पॅकेज’: रक्त नेलं, उंची मोजायची राहिली

सांगलीत विश्रामबागेतल्या एका लॅबच्या मुलांसाठीच्या ‘ओबेसिटी पॅकेज’चा हा आढावा. लॅबचं नाव देत नाही, कारण याच साच्याची पॅकेजं आता सगळीकडे मिळतात. सकाळी घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते, सोबत डाएट चार्ट मोफत. पीडीएफ भरगच्च असते: साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), लिव्हर, किडनी, थायरॉइड, फास्टिंग इन्सुलिन, कॉर्टिसॉल (ताणाचं हॉर्मोन), व्हिटॅमिन डी, बी१२, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी). पहिल्या पानावर नाव, वय, वजन. उंचीचा रकानाच नाही! ज्या रिपोर्टवरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढता येत नाही, त्याला लठ्ठपणाची तपासणी म्हणणं आम्हाला पटत नाही.

उंचीचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. १४ वर्षांचा मुलगा घ्या, वजन ९२ किलो, उंची १६० सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय ३५.९ येतो. त्याचीच उंची बुटांसकट, अंदाजाने १६४ लिहिली तर ३४.२. वजन तसूभरही न उतरता कागदावर सुधारणा दिसते. घरी मोजायचं तर खाली टाइलची पट्टी नसलेली भिंत शोधा. अनवाणी उभं करा, टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीची खूण करा आणि सुताराच्या टेपने मोजा. दोनदा मोजा.

आलेला आकडा मोठ्यांच्या तक्त्यात बघायचा नाही. ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलगा-मुलगी वेगवेगळे. बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात. तीव्र लठ्ठपणा ठरवायचा बराच वापरला जाणारा निकष असा: वयाच्या ९५ व्या पर्सेंटाइलच्या (त्या वयाच्या शंभरातल्या ९५ मुलांचा बीएमआय ज्याच्या खाली असतो तो आकडा) १२० टक्क्यांवर किंवा बीएमआय ३५ वर, यातलं जे आधी लागू होईल ते. वरच्या उदाहरणातला मुलगा त्यात बसतो. या पातळीला बीपी, साखर, लिव्हर, झोप, सांधे यांचे त्रास एकेकटे येत नाहीत, दोन-तीन एकत्र निघतात.

रक्त काढायची सेवा मात्र चांगली. जाड हाताची शीर दिसत नाही, बोटाने चाचपून शोधावी लागते. इथला कलेक्शनचा मुलगा घाईने दोन-तीनदा टोचत नाही. गरज पडली तर हाताच्या मागच्या शिरेवर बारीक सुई लावतो. साखरेचं रक्त राखाडी बुचाच्या ट्यूबमध्ये घेतो, हे विशेष. त्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरतो. कुपवाडला सातला काढलेलं रक्त घरोघर फिरत दहाला लॅबमध्ये पोचलं, तर १०८ ची साखर नव्वदीत उतरलेली दिसेल. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर; तो उंबरठाच रिपोर्टमधून गायब होतो. फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, म्हणून बर्फाचा डबाही हवा. बुचाचा रंग आणि डबा दोन्ही पाहून घ्या, विचारायला संकोच नको.

आता रिपोर्ट. यात सगळ्यात मोठी खोट आहे ती ‘नॉर्मल रेंज’च्या रकान्यात, कारण तिथे मोठ्या माणसांच्या मर्यादा छापल्यात. एसजीपीटीची (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वरची मर्यादा ४० च्या आसपास दिलेली असते. मुलांच्या लिव्हरसाठी ती मुलग्यांना २६ आणि मुलींना २२ धरतात. म्हणजे ३८ आलेल्या मुलाच्या आकड्याला ठळक अक्षर नाही, लाल खूण नाही, आणि घरचे निर्धास्त. फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी, दुखत नाही, कावीळही दाखवत नाही. हा आकडा हीच बहुतेक वेळा त्याची पहिली चाहूल. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणूनही सोडून द्यायचं नाही, थोडी चरबी तिच्यात दिसत नाही. एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीवर तीन महिने टिकून राहिला तर लिव्हरचे इतर आजारही तपासावे लागतात.

ट्रायग्लिसराइडचं (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) तेच. छापील मर्यादा १५०. दहा ते एकोणीस वयात ९० च्या आत हवं आणि १३० पासून पुढे जास्त. १४० आलेली बारा वर्षांची मुलगी या रिपोर्टात ‘नॉर्मल’ ठरते.

एचबीए१सीच्या मर्यादा बरोबर आहेत: ५.७ पासून सावध, ६.५ पासून मधुमेह. पण हा आकडा सीबीसीशेजारी ठेवूनच वाचायचा. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटा चढतो, आणि वयात आलेल्या मुलींत हिमोग्लोबिन कमी असणं आपल्याकडे नेहमीचं. ५.८ पाहून घाबरून जाऊ नका, पण ६.५ ला ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबूही नका. मुलांतला टाइप २ मधुमेह मोठ्यांपेक्षा वेगाने बळावतो.

पॅकेजमधल्या तीन तपासण्या काढून टाकाव्यात असं आमचं स्पष्ट मत. फास्टिंग इन्सुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो आणि त्यावरून उपचार ठरत नाहीत. शरीरात इन्सुलिन वाढलंय हे मानेवर दिसतं: काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी, तशीच काखेत. आई-आजी मळ समजून लिंबू आणि खरखरीत घासणीने ती जागा सोलवटून टाकतात. तो मळ नाही, घासून जात नाही. पोरीला त्यावरून बोलू नका. कॉर्टिसॉल तर उंची खुंटलेली असेल, पोटावर रुंद जांभळे चट्टे असतील तरच बघायचं. थायरॉइडही तसंच. मूल वयाप्रमाणे उंच होत असेल तर वजनाचं कारण थायरॉइड असण्याची शक्यता फार कमी. लठ्ठ मुलांत टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा) ५ ते १० च्या दरम्यान थोडा चढलेला सापडतो. तो बहुधा वजनाचा परिणाम असतो आणि वजन उतरलं की उतरतो. पण लाल खूण दिसली की गोळी सुरू होते, ‘थायरॉइड आहे’ असं घरभर होतं आणि जेवणाखाण्याचा विषय मागे पडतो. पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे.

जे पॅकेजमध्ये नाही, त्याला सुई लागतच नाही. बीपी घ्या. मोठ्या दंडावर लहान पट्टा गुंडाळला तर बीपी खोटं जास्त येतं; पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी. दंड ३४ सेंटिमीटर असेल तर पिशवी साडेतेरापेक्षा अरुंद चालणार नाही. तेरा वर्षांपुढे १३०/८० च्या वर तीन वेगवेगळ्या दिवशी आलं तर तो उच्च रक्तदाब. कमरेला टेप लावा, घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. रात्री जागून ऐका: घोरता घोरता श्वास थांबतो का, मग दचकून सुरू होतो का, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं होतंय का, वर्गात पेंगतो का. असं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून टॉन्सिल, अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) आणि झोपेची तपासणी.

आणि लंगडणं. दहा ते पंधरा वर्षांचं जड मूल गुडघा किंवा मांडी दुखते म्हणतं, पाऊल बाहेर फेकून चालतं. गुडघ्याचा एक्सरे नॉर्मल येतो, मलम मिळतं, आठवडे जातात. दुखणं खुब्याचं असतं: मांडीच्या हाडाची टोपी वाढीच्या चकतीवरून सरकलेली. त्या पायावर भार टाकू द्यायचा नाही, त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एक्सरे समोरून आणि बेडकासारखे पाय फाकवून काढायचा. मिरजेत हाडांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत, ‘परीक्षा झाल्यावर बघू’ नको. उशिराने खुब्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

डाएट चार्ट सर्वांना एकच, १२०० कॅलरींचा, ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइलचा. वाढत्या वयाच्या मुलाला देखरेखीशिवाय एवढ्यावर ठेवलं की तो संध्याकाळी भडंगाच्या पिशवीवर तुटून पडतो, आणि त्यात त्याची चूक नाही. सांगलीच्या घरात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताक आहेच. कॅलरी कुठे वाढतात ते बघा: शेंगदाण्याची ३० ग्रॅमची मूठ सुमारे १७० कॅलरी, तेलाचा १५ मिलिलिटरचा पळा १२०, कोल्ड्रिंकची २५० मिलिलिटरची बाटली म्हणजे जवळपास २६ ग्रॅम साखर. घरात महिन्याला किती तेल येतं ते माणशी मोजा. बदल सगळ्या घराने करा, एकट्या मुलाचं ताट वेगळं वाढू नका. चार्टवर रोज तासभर दमवणारा खेळ आणि किशोरवयात ८ ते १० तास झोप, हे दोन शब्दांतही नाही.

बुकिंग करताना साखर, एचबीए१सी, लिपिड, एसजीपीटी आणि सीबीसी सुट्या घेतल्या तर किती होतील ते विचारा. ‘दर महिन्याला रिपीट’ची सवलत घेऊ नका, एचबीए१सी तीन महिन्यांआत पुन्हा करून हाती काही लागत नाही. खूप तहान आणि वारंवार लघवी, किंवा डोकेदुखीबरोबर अंधूक दिसणं असेल तर पॅकेजची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.