एडिनबरा येथील ह्युमनिस्ट सेलिब्रंट : एका लग्नाचा आणि एका अंत्यविधीचा अनुभव

एडिनबरामध्ये राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने एकाच ह्युमनिस्ट सेलिब्रंटबाईंची, म्हणजे धर्माचा आधार न घेता लग्न, अंत्यविधी असे समारंभ चालवणाऱ्या बाईंची, सेवा दोनदा घेतली. आधी पुतणीच्या लग्नासाठी आणि पुढे काकांच्या अंत्यविधीसाठी. देवाधर्माचे नाव न घेता असे प्रसंग नीट पार पडतात का, असे नातेवाईक अजूनही विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्कॉटलंडमध्ये ह्युमनिस्ट पद्धतीचे लग्न २००५ पासून कायदेशीर आहे; इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र अशा समारंभाखेरीज रजिस्ट्रारसमोर वेगळे लग्न करावे लागते. स्कॉटलंडमध्ये किमान २९ दिवस आधी एम१० हा लग्नाची पूर्वसूचना देणारा अर्ज भरायचा, रजिस्ट्रारकडून मॅरेज शेड्यूल, म्हणजे लग्न लावण्यासाठी लागणारा अधिकृत कागद, आणायचे, समारंभात त्यावर वधूवर, दोन साक्षीदार आणि सेलिब्रंट यांनी सह्या करायच्या आणि तीन दिवसांच्या आत ते परत पोहोचवायचे. हे सारे बाईंनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले आणि शेड्यूल हातात नसेल तर लग्न लावता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

माझ्या आजोबांचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले होते, त्यामुळे भटजीविना लग्न ही आमच्या घराला नवी गोष्ट नव्हती. जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर तसे वचन देतो, हे पुतणीने बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी त्याचा इंग्रजी अर्थ लिहून मागितला, तो सवाल-जवाब विधीच्या मध्यभागी घेतला आणि त्यानंतर क्वेक, म्हणजे दोन कानांचा स्कॉटिश प्याला, वधूवरांच्या हाती दिला. कुठेही जोडकाम वाटले नाही. एक उणीव मात्र नोंदवायलाच हवी : समारंभ उघड्यावर होता, वारा होता, आणि ध्वनिक्षेपकाची सोय बाईंनी यजमानांवर सोपवल्यामुळे मागच्या रांगांतल्या ज्येष्ठांना निम्मे शब्द ऐकू आले नाहीत.

बाईंचे खरे कसब मला अंत्यविधीच्या वेळी दिसले. काका गेल्यावर त्या घरी आल्या, वही उघडून बसल्या आणि बराच वेळ फक्त ऐकत राहिल्या. शिक्षण, नोकरी, बदल्या हे आम्ही भराभर सांगितले, पण त्यांनी विचारले, “हात रिकामे असले की ते काय करायचे?” तेव्हा कुठे धाकट्या भावाला आठवले की, रविवारी सकाळी काका गल्लीतल्या सगळ्या मुलांच्या सायकलींच्या साखळ्यांना तेल घालत असत. आडनावातला ‘ळ’ जमावा म्हणून बाईंनी आमचा उच्चार फोनवर ध्वनिमुद्रित करून नेला. अंत्यविधीत बाई काकांविषयी जे मनोगत वाचणार होत्या, त्याचा मसुदा आदल्या दिवशी आला. त्यात काका ‘कडक’ होते असे वाक्य होते, ते काकूंना बोचले, आणि तासाभरात ते ‘शिस्तीचे’ असे बदलून आले.

एडिनबरातल्या मॉर्टनहॉलचे स्मशानगृह वास्तुविशारद बेझिल स्पेन्स यांच्या कार्यालयाने उभारलेले, १९६७ मधले आहे. तिथे प्रत्येक कुटुंबाला वेळ नेमून दिलेली असते आणि पुढचे कुटुंब बाहेर थांबलेले असते, तरीही बाईंनी एकही वाक्य घाईने वाचले नाही. सायकलींचा प्रसंग त्यांनी अगदी सुरुवातीलाच घेतला, आणि मागच्या बाकांवर बसलेली, आता मोठी झालेली ती मुले एकमेकांकडे पाहू लागली. निरोपाआधी त्यांनी एक मिनिट शांततेसाठी ठेवले आणि ज्यांना प्रार्थना करायची असेल त्यांनी ती मनोमन करावी, असे सांगितले. वारकरी घरात वाढलेल्या काकूंनी तेवढ्यात विठ्ठलाचे नाव घेतले. नास्तिक काकांच्या इच्छेला आणि श्रद्धाळू काकूंच्या मनाला एकाच विधीत जागा देणे सोपे नव्हते, आणि माझ्या मते या सेवेचे सगळ्यात मोठे बळ तिथेच आहे.

अंत्यविधीचे बाईंचे मानधन फ्युनरल डिरेक्टरच्या, म्हणजे अंत्यविधीची सारी व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाच्या, बिलातच लावून आले, त्यामुळे वेगळा व्यवहार करावा लागला नाही. लग्नासाठी मात्र थेट बोलावे लागते. पहिल्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. त्या भेटीत आपले पटते की नाही हे पाहून मगच अनामत रक्कम भरावी. उन्हाळ्यातला शनिवार हवा असेल, तर हॉल ठरवण्याआधी सेलिब्रंटची तारीख पक्की करावी आणि ध्वनिक्षेपक कोण आणणार, हे त्याच वेळी लेखी ठरवून घ्यावे.